भरिताचे वांगे : नाव राखले, बियाण्याचे काय?

जळगाव - दिवाळी उलटून हवेत गारवा आला की जळगाव, भुसावळ, यावल, फैजपूरच्या बाजारांत एक वेगळेच वांगे दिसू लागते. रंग फिकट हिरवा, त्यावर पांढरट उभ्या रेषा, साल तुकतुकीत आणि आकार असा की एकाच फळाने ओंजळ भरावी. मुंबई-पुण्याच्या मंडईत 'भरताचे वांगे' म्हणून जे काळपट जांभळे, फुगीर फळ मिळते त्याच्याशी याचे फारसे साम्य नाही. खानदेशात त्याला 'भरिताचे वांगे' म्हणतात. भाजीचे वांगे निराळे, भरिताचे निराळे. जळगावची गृहिणी एकाच्या जागी दुसरे चालवून घेत नाही.

२०१६ मध्ये या वांग्याला 'जळगाव भरीत वांगी' म्हणून भौगोलिक निर्देशांक मिळाला. त्याच सुमारास जळगावची केळी आणि शेजारच्या नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरची तूरडाळ यांनाही हा दर्जा मिळाला. म्हणजे नाव कायद्याच्या संरक्षणाखाली आले. मात्र ज्या बियाण्यावर हे नाव उभे आहे ते बियाणे आजही मुख्यतः शेतकऱ्यांच्या घरात, बरणीत किंवा कापडी पुरचुंडीत राखले जाते. ते शुद्ध राहिले तरच भरिताचे वांगे राहील. यासाठी या पिकाचे कूळ, लागवड, त्याचे शत्रू आणि त्याचा स्वयंपाकघरातील प्रवास हे सगळे एकत्र पाहावे लागते.

कूळ आणि मूळ

वांग्याचे शास्त्रीय नाव 'सोलॅनम मेलोंजेना'. टोमॅटो, बटाटा, मिरची, तंबाखू आणि धोतरा ही सारी याच कुळातील मंडळी. यांपैकी टोमॅटो, बटाटा, मिरची व तंबाखू अमेरिका खंडातून, युरोपीय दर्यावर्दींच्या मार्फत आपल्याकडे आली. वांगे मात्र आशियाचेच. भारतीय उपखंड आणि त्याच्या पूर्वेचा प्रदेश हे त्याचे मूळस्थान मानले जाते. हरियाणातील फरमाणा येथील हडप्पाकालीन वस्तीत सापडलेल्या भांड्यांच्या तुकड्यांवर वांगे, आले आणि हळद यांच्या पिष्टाचे कण आढळल्याचे संशोधकांनी २०१० मध्ये जाहीर केले. त्या वस्तीचा काळ चार हजार वर्षांहून मागे जातो. संस्कृतात त्याला वार्ताक, वृन्ताक, भण्टाकी अशी नावे आहेत. फारसीतील 'बादिंजान' अरबांच्या तोंडून स्पेनमध्ये गेले आणि तेथून फ्रेंचांचे 'ओबर्जिन' झाले. पोर्तुगीजांनी घडवलेले रूप इंग्रजांनी उचलले, तेच भारतीय इंग्रजीतील 'ब्रिंजल'.

गंमत अशी की टोमॅटो जेव्हा आपल्याकडे आला तेव्हा लोकांनी त्याला ओळखले ते वांग्याच्या नात्यानेच. जुन्या मराठीत टोमॅटोला 'वेलवांगे' म्हणत, बंगालीत 'बिलायती बेगुन'. खानदेश-वऱ्हाडाच्या बोलींत 'भेदरे' हा शब्द अजून ऐकू येतो. नवख्या पाहुण्याला घरच्या माणसाचे आडनाव द्यावे तसा हा प्रकार. वनस्पतिशास्त्रानेही हे नाते मान्य केले आहे, कारण टोमॅटो आणि वांगे आता एकाच 'सोलॅनम' प्रजातीसमूहात गणले जातात. दोघांचे रक्त इतके जवळचे की वांग्याच्या खुंटावर टोमॅटोचे कलम जमते. पाणी साचणाऱ्या जमिनीत आणि मर रोगाच्या प्रादुर्भावात अशी कलमे तग धरतात. वाराणसीच्या भारतीय भाजीपाला संशोधन संस्थेने २०२१ मध्ये तर एकाच खुंटावर वांगे आणि टोमॅटो असे दोन्ही डोळे बांधून 'ब्रिमॅटो' नावाचे झाड फळांवर आणले.

वांग्याच्या उत्पादनात चीन जगात पहिला, भारत दुसरा. भारतात त्याच्या जाती किती, याची मोजदाद अवघड आहे. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर पुण्याजवळच्या मांजरीचा जांभळा-पांढरा 'मांजरी गोटा', कृष्णाकाठची काटेरी वांगी, राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने विकसित केलेल्या 'वैशाली' व 'प्रगती' या जाती, अशी मोठी यादी होईल. शेजारच्या कर्नाटकात उडुपीजवळच्या मट्टू गावाच्या हिरव्या 'मट्टू गुळ्ळा' वांग्याला २०११ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. एकाच प्रदेशाच्या मातीशी आणि एकाच पदार्थाशी जोडले गेलेले वांगे म्हणून जळगावचे भरिताचे वांगे या पंक्तीत बसते.

बामणोद आणि आसोदा

भरिताच्या वांग्याची चर्चा निघाली की दोन गावांची नावे हटकून येतात. एक बामणोद. हे यावल तालुक्यातील गाव भुसावळ-फैजपूर रस्त्यावर आहे. १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन ज्या फैजपुरात भरले, ते येथून हाकेच्या अंतरावर. दुसरे आसोदा, जळगाव शहराला लागून असलेले, कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे माहेर. 'बामणोदची वांगी' किंवा 'आसोद्याची वांगी' एवढे म्हटले की विक्रेत्याला आणखी काही सांगावे लागत नाही. दोहोंपैकी कोणती सरस, हा वाद मात्र या लेखात मिटण्यासारखा नाही. तो जळगावकरांनी हिवाळाभर घालावा, हेच बरे.

तापी आणि तिच्या उपनद्यांच्या गाळाने तयार झालेली काळी, कसदार जमीन, विहिरीचे पाणी, कोरडी हवा आणि हिवाळ्यातील गार रात्री हे या पट्ट्याचे भांडवल. याच भांडवलावर केळी आणि कपाशी ही दोन मोठी पिके उभी आहेत. वांगे त्यांच्या तुलनेत धाकटे. ज्याच्याकडे दहा एकर केळी आहे तोही वांग्याला बहुधा अर्धा-एक एकरच देतो. पण कपाशीचा पैसा एकदोनदा हातात येतो आणि केळीला महिनोन्महिने वाट पाहावी लागते. वांग्याची तोडणी चार-पाच दिवसांनी होते, त्यामुळे हिवाळ्यात घरखर्चाला रोख पैसा त्यातूनच मिळतो. लहान शेतकऱ्याच्या दृष्टीने त्याचे महत्त्व या हिशेबात आहे.

धुळे जिल्ह्यात भरीत तितक्याच आवडीने खाल्ले जाते. जुन्या खानदेश जिल्ह्याचे १९०६ मध्ये पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, तेच पुढे जळगाव आणि धुळे जिल्हे ठरले. १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. जिल्हे तीन झाले तरी ताट एकच राहिले. वांग्याचे नाव मात्र जळगावच्या खात्यावर नोंदले गेले आहे.

पऱ्हाट्यांचा जाळ

भरीत भारतभर होते. पंजाबात त्यात कांदा-टोमॅटो परतून घालतात, बिहारात लिट्टीबरोबर 'चोखा' म्हणून खातात, पश्चिम आशियात तिळाचे वाटण आणि लिंबू घालून 'बाबा गनूश' करतात. खानदेशी भरितात टोमॅटोला जागा नाही. त्यात हळद-तिखटाचा लाल रंगही नसतो, कारण हिरवे वांगे, हिरवी मिरची, कांद्याची हिरवी पात आणि कोथिंबीर अशी ही हिरव्या रंगाची पंगत आहे.

कृती सोपी वाटते, पण मर्म आहे ते जाळात. वेचणी संपलेल्या कपाशीची वाळलेली झाडे, म्हणजे पऱ्हाट्या, शेतातच ढीग करून पेटवतात. तुरीच्या तुराट्याही चालतात. कपाशीच्या पऱ्हाट्या हाती येतात त्याच हंगामात वांगेही भरात असते. फळ आणि जळण अशा रीतीने एकाच शिवारात एकाच वेळी मिळतात. पऱ्हाट्यांचा जाळ झपाट्याने चढतो आणि लवकर उतरतो. साल करपते, आतला गर वाफेवर शिजतो आणि धुराचा वास त्यात मुरतो. वांग्याला आधी दोन-चार ठिकाणी टोचे मारलेले नसले तर आतली वाफ कोंडून ते फुटते.

भाजलेली वांगी सोलून 'बडगी' नावाच्या लाकडी भांड्यात घेतात आणि लाकडी मुसळीने ठेचतात. लोखंडी सुरी किंवा मिक्सर यांना येथे मज्जाव. गर ठेचला गेला पाहिजे, त्याची पेस्ट होता कामा नये. नंतर तेलात परतलेल्या हिरव्या मिरच्या आणि लसूण यांचे वाटण, शेंगदाणे, कांद्याची पात, कोथिंबीर आणि वरून सढळ तेलाची फोडणी. सोबत कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली, किंवा पुरी. मुळा, कच्चा कांदा आणि ठेचा हे साथीदार ठरलेले.

यावल, रावेर, भुसावळ आणि जळगाव तालुक्यांत लेवा पाटीदार समाजाची मोठी वस्ती आहे. भरिताची परंपरा या समाजाने विशेष जोपासली. 'भरीत पार्टी' हा शब्दप्रयोग जळगावकरांना समजावून सांगावा लागत नाही. डिसेंबर-जानेवारीत नोकरीनिमित्त मुंबई-पुण्याला गेलेली मुले गावी आली की शेतात भरताचा बेत ठरतो. लग्नाच्या बोलण्यांपासून निवडणुकीच्या आखाड्यापर्यंत अनेक गोष्टी या पंगतीत निघतात. शहरातही हंगामात भरीत-पुरीची दुकाने गजबजतात. डिसेंबर २०१८ मध्ये नागपूरचे प्रसिद्ध शेफ विष्णू मनोहर यांनी जळगावच्या सागर पार्क मैदानावर अवाढव्य कढईत भरीत शिजवून विक्रमाचा प्रयोग केला, तेव्हा मैदानावर लोटलेली गर्दी पाहता या पदार्थाला प्रसिद्धीची गरज होती असे म्हणवत नाही.

धार्मिक आचारातही वांग्याला स्थान आहे. चातुर्मासात अनेक घरांत कांदा, लसूण आणि वांगे वर्ज्य असते. मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, म्हणजे चंपाषष्ठीला, खंडोबाला वांग्याचे भरीत आणि बाजरीची भाकरी यांचा नैवेद्य दाखवून हा नेम सुटतो. या तिथीला म्हणूनच 'वांगेसट' असेही नाव आहे. पावसाळ्यात वांग्याला किडीचा उपद्रव अधिक आणि हिवाळ्यात फळ उत्तम, हे लक्षात घेतले तर या नेमामागे शेतकऱ्याचा अनुभवही असावा असे वाटते.

भरिताखेरीज खानदेशात वरण-बट्टीबरोबर वांग्याची घोटलेली भाजी लागतेच. लग्नाच्या वा तेराव्याच्या पंगतीत वरण-बट्टी असली की ही भाजी आलीच. भरली वांगी, वांगी-बटाटा, वांगीभात हे सर्व महाराष्ट्राचे. वांग्यात ९० टक्क्यांहून अधिक पाणी असते, उष्मांक अगदी कमी आणि तंतुमय भाग चांगला. जांभळ्या वांग्याच्या सालीतील 'नासुनिन' या रंगद्रव्याचे गुण सांगितले जातात, ते हिरव्या वांग्याला लागू नाहीत. तसेही भरितात साल काढून टाकली जाते. आणि भरितावर जे तेल तरंगते, त्यानंतर उष्मांकांचा हिशेब कुणी करत नाही.

शहरात खरेदी करणाऱ्यांसाठी दोन खुणा उपयोगाच्या. आकाराच्या मानाने हलके वाटणारे फळ घ्यावे, त्यात बिया कमी असतात. देठाकडची टोपी हिरवी व ताठ असावी आणि फळावर बारीक छिद्र नसावे. छिद्र असेल तर आत पाहुणा आहे किंवा नुकताच जाऊन आला आहे.

गादीवाफ्यापासून तोडणीपर्यंत

वांग्याचे पीक तिन्ही हंगामांत घेता येते, तथापि भरिताच्या वांग्याचा खरा हंगाम खरिपात सुरू होऊन हिवाळ्यात फळाला येतो. जून-जुलैत गादीवाफ्यावर बी टाकतात. बी अत्यंत बारीक असते, एका ग्रॅममध्ये दोनशेहून अधिक दाणे भरतात. हेक्टरी चारशे ते पाचशे ग्रॅम बी पुरते. चार-पाच आठवड्यांत रोपे वीतभर उंचीची झाली की पुनर्लागण होते. जमीन भारी असेल तर दोन झाडांतील अंतर वाढवावे लागते, कारण भरिताच्या वांग्याचे झाड पसरते आणि फळांच्या ओझ्याने वाकते.

लागवडीनंतर दहा-बारा आठवड्यांनी पहिली तोडणी येते. पूर्वी सरीने पाणी देत. जळगाव हे ठिबक सिंचनाच्या प्रसाराचे देशातील प्रमुख केंद्र बनल्यावर वांग्याच्या सरीतही नळ्या आल्या. केळीला अंथरलेले ठिबक वांग्यालाही चालते आणि खतही त्यातूनच देता येते. पाणी बेताचे आणि नेमाने मिळाले तर फळ एकसारखे वाढते. ताण पडून एकदम पाणी सुटले की फुले गळतात.

फुलांबाबत एक गोष्ट सामान्य वाचकाला ठाऊक नसते. वांग्याच्या झाडावर येणारे प्रत्येक फूल फळ देत नाही. स्त्रीकेसराच्या लांबीवरून या फुलांचे चार प्रकार पडतात. लांब आणि मध्यम स्त्रीकेसर असलेल्या फुलांनाच फळ धरते, आखूड असलेली गळून जातात. झाडावर फुले लगडली म्हणून फळेही तितकी येतील, हा हिशेब त्यामुळे चुकतो.

तोडणीची वेळ साधणे हे कौशल्याचे काम. भरिताचे वांगे मोठे हवे आणि त्याच वेळी कोवळेही. फळ धरल्यापासून साधारण तीन-चार आठवड्यांच्या आत ते तोडले नाही तर आतील बिया टणक होतात, सालीवरची चकाकी मावळते आणि भाजल्यावर गर कडवट लागतो. लवकर तोडले तर वजन भरत नाही. सकाळच्या दवात तोडलेली वांगी दुपारपर्यंत बाजारात पोचली पाहिजेत. तोडताना देठ ठेवून कापतात, कारण देठ तुटला की तेथूनच फळ सडू लागते.

शेंडा पोखरणारी अळी

वांग्याचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे शेंडे आणि फळे पोखरणारी अळी. पांढुरक्या, पंखांवर तपकिरी ठिपके असलेल्या लहानशा पतंगाची मादी पानांवर, कोवळ्या शेंड्यांवर अंडी घालते. बाहेर आलेली अळी लगेच शेंड्यात शिरते. शेंडा माना टाकतो. फळे धरली की ती फळात शिरते आणि आतच वाढते. एकदा ती आत गेली की फवाऱ्याचे औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. येथेच सारा घोळ आहे. अळी दिसत नाही म्हणून शेतकरी आठवड्याला, प्रसंगी त्याहूनही लवकर फवारणी करतो. खर्च वाढतो, मित्रकीटक मरतात आणि औषधाचे अंश ग्राहकाच्या ताटात येतात. भरिताच्या वांग्यात हा प्रश्न अधिक तीव्र, कारण फळ मोठे, म्हणून झाडावर अधिक दिवस राहणारे, आणि एक छिद्र पडले की सबंध फळाची किंमत शून्य.

कृषी विद्यापीठांची शिफारस साधी आहे. माना टाकलेले शेंडे आठवड्याला खुडून जाळावेत, किडकी फळे शेतातच बांधावर न टाकता खोल पुरावीत, नर पतंगांना पकडणारे कामगंध सापळे लावावेत, सुरुवातीला पाच टक्के निंबोळी अर्क वापरावा आणि एकाच शेतात लागोपाठ वांगे, टोमॅटो किंवा मिरची घेऊ नये. अडचण मजुरांची आहे. कपाशीच्या वेचणीच्या दिवसांत शेंडे खुडायला माणूस मिळत नाही. फवारणीला एक माणूस आणि एक पंप पुरतो. शेतकरी औषधाकडे वळतो तो अज्ञानापोटी कमी आणि या गणितापोटी जास्त.

याच अळीवरून देशात मोठा वाद झाला. जालन्याच्या महिको कंपनीने जिवाणूतील जनुक घालून बीटी वांगे विकसित केले. पुढे धारवाड आणि कोइमतूरच्या कृषी विद्यापीठांनीही आपापल्या भागातील स्थानिक वांग्यांत हे जनुक आणले. धारवाडच्या यादीत मांजरी गोटाही होता. १४ ऑक्टोबर २००९ रोजी केंद्राच्या जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समितीने या वांग्याला हिरवा कंदील दाखवला. तत्कालीन पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी नागपूरसह सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी स्थगिती जाहीर केली. त्यानंतर भारतात त्याच्या व्यापारी लागवडीला परवानगी मिळालेली नाही. शेजारच्या बांगलादेशाने २०१३ मध्ये ती दिली आणि जानेवारी २०१४ मध्ये वीस शेतकऱ्यांना पहिली रोपे वाटली.

खानदेशात या वादाला एक स्थानिक संदर्भ होता. २००२ मध्ये बीटी कपाशी आली, तिने बोंडअळीच्या पहिल्या काही वर्षांत दिलासा दिला आणि उत्पन्नही वाढवले. मात्र त्याच ओघात घरचे सरकीचे बियाणे ही गोष्ट इतिहासजमा झाली. संकरित बियाण्याची पाकिटे दरवर्षी विकत घ्यावी लागतात. पुढे गुलाबी बोंडअळीने प्रतिकारशक्ती कमावली आणि फवारे पुन्हा सुरू झाले. अळीपासून सुटका हवी, परंतु घरचे बी जाऊ नये, अशी दुहेरी इच्छा वांगे पिकवणाऱ्यांच्या मनात असेल तर ती समजण्यासारखी आहे.

बी कोण राखतो?

भरिताच्या वांग्याची ख्याती कमी बियांमुळे आहे. हीच गोष्ट बियाणे राखणाऱ्याच्या मुळावर येते. ज्या झाडाची फळे सर्वांत चांगली, त्याचे बी धरायचे, हा नियम. पण चांगल्या फळात बी थोडे. शिवाय बियाण्यासाठी राखलेले फळ कोवळे तोडता येत नाही. ते झाडावर खाण्याच्या अवस्थेपेक्षा जवळजवळ दुप्पट दिवस ठेवावे लागते. हिरवे फळ पिवळे पडून मऊ झाले की बी पक्व झाले असे समजतात. अशी पिकती फळे झाडावर असताना नवी फळे धरण्याचे प्रमाण घटते. म्हणजे भाव चांगला असताना शेतकऱ्याने आपल्या उत्तम झाडाचे उत्पन्न सोडायचे आणि मोबदल्यात मूठभर बी मिळवायचे.

त्यात परागीभवनाचा प्रश्न. वांगे बहुतांशी स्वपरागित आहे, तथापि त्याच्या परागकोशांना टोकाशी बारीक छिद्रे असतात आणि भुंग्यासारख्या रानमाश्या फुलाला लटकून अंगाच्या थरथरीने पराग झाडून नेतात. शेजारच्या शेतात जांभळे संकरित वांगे असेल तर त्याचे पराग भरिताच्या वांग्यावर येऊन पडतात. त्या वर्षीच्या फळात फरक दिसत नाही. फरक दिसतो पुढच्या वर्षी, त्या बियांपासून उगवलेल्या झाडांत. सालीवर जांभळी झाक येते, फळ आखूड होते किंवा बिया वाढतात. प्रमाणित बियाण्यासाठी इतर वांग्यांपासून १०० मीटर आणि पायाभूत बियाण्यासाठी २०० मीटर अंतर राखण्याचा दंडक आहे. एकेक एकराच्या तुकड्यांत विभागलेल्या शिवारात हे अंतर एकट्या शेतकऱ्याला राखता येत नाही. त्यासाठी शेजाऱ्यांचा एकोपा लागतो.

भौगोलिक निर्देशांकाचा कायदा १९९९ चा, अमलात आला सप्टेंबर २००३ मध्ये. नोंदणी दहा वर्षांसाठी असते आणि ती वेळोवेळी नव्याने करून घ्यावी लागते. ठरलेल्या प्रदेशातील उत्पादक 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून नाव नोंदवून आपल्या मालावर ते नाव व चिन्ह लावू शकतो, आणि बाहेरच्या कुणी तेच नाव वापरले तर कायद्याने दाद मागता येते. मात्र भाजी बाजारात वांगी क्रेटमध्ये किंवा पोत्यात येतात, चिन्ह लावणार कशावर? मुंबईच्या ग्राहकापुढे ठेवलेले हिरवे वांगे बामणोदचे की दुसऱ्याच जिल्ह्यातील संकरित जातीचे, हे सांगणारी कोणतीही खूण त्यावर नसते. पॅकिंगमधून विकली जाणारी तूरडाळ किंवा बेदाणा यांना जो फायदा मिळू शकतो तो सुट्या वांग्याला मिळणे म्हणून कठीण जाते.

बियाण्याचे संरक्षण करणारा कायदा वेगळा आहे. २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला आपल्या शेतातील बी राखण्याचा, पेरण्याचा, वाटण्याचा आणि ब्रँडचे नाव न लावता विकण्याचा हक्क दिला आहे. शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेले वाण 'शेतकरी वाण' म्हणून नोंदवण्याची तरतूदही त्यात आहे. नवी दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या जनुकपेढीत अशा वाणांची बियाणी उणे तापमानात साठवली जातात. या संस्थेचे विभागीय केंद्र अकोल्याला, म्हणजे जळगावहून रेल्वेने काही तासांच्या अंतरावर आहे. जनुकपेढीतले बी वाण नष्ट होऊ देत नाही, हे खरे. पण दरवर्षी शेतात निवड करणारा हात थांबला की वाणाचा दर्जा उतरतो, आणि ते काम पेढीला करता येत नाही.

हे काम होते फेब्रुवारीच्या अखेरीस. भाव उतरलेले असतात, ऊन चढू लागते, झाडे थकलेली असतात. बियाण्यासाठी खूण करून ठेवलेली पिवळी फळे तेव्हा काढतात, कापून गर पाण्यात कालवतात. पोकळ बी तरंगते ते ओतून देतात, भरलेले तळाशी बसते ते धुऊन सावलीत वाळवतात. कीड लागू नये म्हणून जुनी माणसे त्यात चुलीतली राख मिसळतात. नीट वाळलेले बी तीन-चार वर्षे उगवते, त्यामुळे एखाद्या वर्षी फळे रोगाने गेली तरी मागच्या वर्षीची पुरचुंडी कामी येते. शेजाऱ्याने मागितले तर त्यातले थोडे द्यायचे, अशी या गावांतील रीत. मग जूनमध्ये मृगाचा पाऊस झाला की गादीवाफे तयार होतात.